बिनऔषधाची सुई

भिंगारच्या जुन्या बाजारपेठेत, भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर सरांचा फिजिओथेरपीचा दवाखाना होता. गुडघे आणि कंबर दुखणाऱ्या माणसांचा दवाखाना एकोणीस पायऱ्या चढून वर का, असं मी नोकरीच्या पहिल्याच दिवशी विचारलं. सर म्हणाले, खालची जागा परवडत नाही. दुसरं एखादं कारण त्यांना सांगता आलं असतं. पायऱ्या हाही उपचाराचाच भाग आहे असं म्हटलं असतं, तर लोकांनी ते कौतुकानं चार ठिकाणी सांगितलं असतं. पण सरांना खरं सोडून दुसरं काही सुचायचंच नाही. आज मी याला सद्गुण म्हणू शकते. तेव्हा मला ती एक व्याधी वाटायची, आणि तीही कुठल्याच व्यायामानं न जाणारी.

पदवी हातात पडल्यावर पहिली दोन वर्षं मी त्यांच्याकडे काढली. तेव्हा ते पन्नाशीच्या पुढे होते. अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, पायात कायम पॉलिश केलेले काळे बूट, आणि चेहरा असा की आताच कुणीतरी त्यांना चुकीचं स्पेलिंग दाखवलं आहे. लोक त्यांना डॉक्टर म्हणत. ते प्रत्येक वेळी दुरुस्ती करत, "डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट." समोरचा म्हणे, "बरं डॉक्टर." दिवसातून पंधरा-वीस वेळा हा संवाद व्हायचा आणि दोन्ही बाजू दमायच्या नाहीत.

भिंतीवर ड्राय नीडलिंगचं प्रमाणपत्र चौकट करून लावलेलं होतं. इंग्रजी मजकूर, सोनेरी किनार, खाली दोन सह्या. त्याखाली सरांनी स्वतःच्या अक्षरात मराठीत एक चिठ्ठी चिकटवली होती : "हा अभ्यासक्रम तीन दिवसांचा होता. त्यातला अर्धा दिवस जेवणात आणि फोटोत गेला."

हे ड्राय नीडलिंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. मान, खांदा, कंबर इथले स्नायू कामानं आखडतात आणि त्यांत बोटाला लागेल अशी गाठ धरते. केसापेक्षा थोडीशी जाड सुई त्या गाठीत नेमकी घातली की स्नायू एकदा फडकतो आणि मग सैल पडतो. ही सुई भरीव असते. तिच्यातून औषध जाऊच शकत नाही. सगळी अडचण इथंच होती.

आमच्या भागातल्या माणसाला सुईचं भय नाही. त्याला भय आहे ते फुकट टोचून घेण्याचं. समोरच्या इमारतीत एक डॉक्टर होते. ते आल्यागेल्याला लाल रंगाचं एक इंजेक्शन देत. ते साधं जीवनसत्त्वाचं असायचं, पण त्याचा लाल रंग बघूनच माणसं निम्मी बरी होत. त्यांच्याकडे जिन्यापर्यंत रांग असे. आमच्याकडे मात्र नेवाशाहून मान धरून आलेला माणूस सुई निघाल्यावर मान दोन्हीकडे नीट वळवून बघे, समाधानानं शर्ट घाली आणि विचारी, "औषध कंचं टोचलं, डॉक्टर?"

"कोणतंच नाही. सुई रिकामी आहे."

"मंग टोचलं कशापायी?"

मग सर कागद घेऊन स्नायूचं चित्र काढायला बसत. वीस मिनिटांनी तो माणूस बरी झालेली मान खाली घालून, फसवले गेल्याच्या चेहऱ्यानं जिना उतरत असे. मी एकदा सुचवलं की सर, नुसतं शक्तीचं आहे म्हणा, त्यात कुणाचं काय जातं. त्यांनी विचारलं, "शक्ती कुठल्या स्नायूला म्हणतात?" आणि ते पुढच्या पेशंटकडे वळले.

पण रिकाम्या सुईपेक्षाही जास्त माणसं पळवली ती त्यांच्या यादीनं. सुई हातात घेण्याआधी सर पेशंटसमोर ताठ उभे राहत आणि शाळेत प्रतिज्ञा म्हणावी तशा आवाजात धोके सांगत. दुखेल. रक्ताचा थेंब येईल. काळंनिळं पडेल. दोन दिवस ठणकेल. घेरी येऊ शकते. आणि क्वचित, अगदी क्वचित, छातीच्या आसपास सुई चुकली तर फुफ्फुसाच्या आवरणाला भोक पडू शकतं, मग मोठ्या दवाखान्यात भरती व्हावं लागेल. एवढ्यावर थांबत नसत. शेवटी म्हणत, "समजलं? आता तुम्ही सांगा." पेशंटनं ही सगळी यादी परत म्हणून दाखवायची. एखादं कलम गाळलं की पुन्हा पहिल्यापासून. सोनईचे एक म्हातारे शेतकरी तिसऱ्यांदा अडखळले तेव्हा त्यांनी अगदी शांतपणे विचारलं की डॉक्टर, तुमी टोचायला बसलाय का न टोचायला बसलाय, ते एकदा ठरवा, मी तवर चहा पिऊन येतो. ते गेले ते परत आलेच नाहीत. सरांनी वहीत नोंद केली : चहाला गेले.

घरीदारीही हेच. त्यांच्या पत्नी नगरच्या एका शाळेत शिकवायच्या. त्यांनीच मला सांगितलं की लग्नात यजमानांनी हात जोडून जेवण कसं झालं विचारलं की हे म्हणतात, भात कच्चा होता. एका दशक्रियेला गेले असताना गेलेल्या गृहस्थांच्या मुलांना यांनी समजावून सांगितलं होतं की तुमच्या वडिलांचा गुडघा वेळीच दाखवला असता तर शेवटची आठ वर्षं ते चालते-फिरते राहिले असते. तेव्हापासून भेटायला जायचं काम बाईंनी स्वतःकडे घेतलं होतं. सर घरी थांबत आणि, त्यांच्याच शब्दांत, कुणाचं काही बिघडवत नसत.

असा माणूस सार्वजनिक कार्यक्रमाला बोलावू नये. पण सोनईजवळच्या एका पतसंस्थेच्या अध्यक्षांनी बोलावला. त्यांचा वाढदिवस होता. रक्तदान झालं होतं, चष्मेवाटप झालं होतं, आता काहीतरी नवं हवं होतं. कुणीतरी सुचवलं, म्हणून "भव्य मोफत ड्राय नीडलिंग शिबिर" ठरलं. मांडवावर मोठा फलक. मधोमध हात जोडलेले अध्यक्ष, भोवती तेरा शुभेच्छुक, आणि कोपऱ्यात औषधानं भरलेली सिरिंज धरून हसणारी एक गोरी परिचारिका. सरांनी फलक बघितला आणि गाडीतून उतरायच्या आधीच ठरवलं की ती सिरिंज झाकल्याशिवाय शिबिर सुरू होणार नाही, कारण आपण इंजेक्शन देत नाही. खुर्ची मागवली, तिच्यावर चढले आणि वर्तमानपत्राचं पान चिकटवलं. पान जरा मोठं होतं. सिरिंजबरोबर त्याच्याखाली अध्यक्षांचे मेहुणेही गेले, जे पंचायत समितीला उभे राहणार होते. मेहुण्यांनी तो विरोधकांचा कट समजला, आणि तो गैरसमज मिटवण्यात अर्धा तास गेला.

पहिले पेशंट अर्थातच अध्यक्ष. त्यांची मान खरोखरच आखडलेली होती. फोटोग्राफर सरसावला. अध्यक्षांनी हळूच सांगितलं की सुई नुसती जवळ धरा, फोटोपुरती. सरांनी तितक्याच हळू सांगितलं की फोटोपुरती सुई त्यांच्याकडे नाही. आणि मग ते यादी म्हणायला ताठ उभे राहिले. माईक चालू आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. घेरी, काळंनिळं, फुफ्फुसाला भोक, मोठ्या दवाखान्यात भरती, सगळं चारही कर्ण्यांतून गावभर गेलं. मागच्या रांगा उठल्या. त्यांतल्या बऱ्याच जणांना हे पुन्हा चष्म्यांचंच शिबिर वाटलं होतं. "आता तुम्ही सांगा," सर म्हणाले. अध्यक्षांना शपथा घेण्याची सवय होती. त्यांनी खणखणीत आवाजात, एकही कलम न गाळता सगळी यादी म्हटली. लोकांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या.

सुई गेली, स्नायू फडकला, कर्ण्यांतून एक मोठा "आई गं" गावाला ऐकू आला. पाच मिनिटांनी अध्यक्षांनी जपून मान उजवीकडे वळवली. कित्येक महिन्यांनी ती पूर्ण वळली, आणि आपल्या उजव्या हाताला बसलेले उपाध्यक्ष आपल्या वाढदिवसाला तोंड उघडं टाकून झोपले आहेत हे त्यांना दिसलं. उपाध्यक्षांचं पुढं काय झालं ते माहीत नाही. अध्यक्ष मात्र त्या दिवसापासून सरांचे भक्त झाले. दर बुधवारी सर सोनईला जाऊन एका मेडिकलच्या मागच्या खोलीत पेशंट बघू लागले ते त्यांच्याच आग्रहावरून. बुधवारी भिंगारचा दवाखाना माझ्यावर असे.

मला बुधवार आवडायचा. यादी मी भराभर उरकायची आणि परत म्हणायला तर कुणालाच लावायची नाही. माझ्या बुधवारी जास्त पेशंट व्हायचे, आणि हे सरांच्या लक्षात यावं असं मला वाटायचं.

आमच्याकडे एक शिलाईवाल्या मावशी यायच्या. दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या. लष्कराच्या छावणीतल्या जवानांचे गणवेश दुरुस्त करायचे, त्यांवर नावाच्या पट्ट्या आणि बिल्ले शिवायचे, हे काम त्या तीस वर्षं करत होत्या. यजमान डेपोतून निवृत्त झालेले. मुलगा नगरला वकिली करायचा. आल्या की त्या दारातूनच "जयभीम डॉक्टर" म्हणत, आणि सरही मान लववून "जयभीम" म्हणत. एवढ्या संबोधनात मात्र ते डॉक्टर शब्दाची दुरुस्ती करत नसत. मावशींची पाठ डाव्या खांद्याच्या पात्याच्या आतल्या बाजूला धरायची. अंगानं अगदी बारीक. सर दोन महिने त्यांच्यावर उपचार करत होते. खांद्यावर वरच्या बाजूला टोचत, पात्याच्या आत कधीच नाही.

त्या बुधवारी बाहेर सात-आठ माणसं बसली होती. मी यादी सुरू केली तेव्हा मावशी हसून म्हणाल्या, "राहू दे गं पोरी, पाठ झालंय मला." मीही हसले आणि सोडून दिली. त्यांच्या कार्डावर सरांच्या अक्षरात लिहिलं होतं : "पात्याच्या आत टोचू नये. बारीक अंग." ते मी वाचलं. वाचलं नाही असं म्हणायची सोय माझ्याकडे नाही. मला वाटलं, सर नेहमीचेच भित्रे. दुखणं आत आहे आणि हे दोन महिने बाहेरून टोचतायत. मी नेहमीपेक्षा लांब सुई घेतली आणि सरळ गाठीत घातली. स्नायू असा काही फडकला की मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मावशींना खोकला आला. छातीत बोचल्यासारखं वाटतंय म्हणाल्या. मी म्हटलं, होतं असं, घरी जाऊन गरम पाण्याची पिशवी घ्या. जिना उतरताना त्या दोनदा थांबल्या. मला ते ऐकू आलं. पण पुढचा पेशंट टेबलावर झोपला होता.

तासाभरानं त्यांचे यजमान धापा टाकत वर आले. हिला दम लागलाय, बोलता येईना, म्हणाले. मी सरांना फोन लावला. मला वाटलं ओरडतील. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. बसवून ठेव, झोपवू नको. रिक्षात घालून लगेच नगरला ने. आणि तिसरी, "पोचल्या पोचल्या तिथल्या डॉक्टरांना सांग, सुई कुठं टोचली आणि केवढी टोचली. छातीत दुखतंय एवढंच सांगून थांबू नको. ऐकतेस ना?" मी हो म्हटलं.

नगरच्या त्या दवाखान्यात यजमानांनी सांगितलं की छातीत दुखतंय, दम लागलाय. तिथल्या डॉक्टरांनी त्यांच्या पद्धतीनं हृदयाची तपासणी सुरू केली. मी भिंतीला टेकून उभी होते. तोंड उघडायचं होतं, पण ते उघडलं की मी नावाची जी हुशार मुलगी होती ती संपणार होती. कदाचित हृदयाचंच असेल, असं मी स्वतःला सांगत होते. असावं, असं मला वाटत होतं. माझ्या इज्जतीसाठी त्या बाईला हृदयविकार असावा असं मला चार-पाच मिनिटं वाटत होतं. ही गोष्ट मी पुष्कळ वर्षं कुणाला सांगितलेली नाही. मग मावशींनी श्वासासाठी मान वर केली, त्यांची नजर माझ्यावर पडली, आणि मी पुढे होऊन सगळं सांगितलं. लगेच एक्स-रे निघाला. डाव्या बाजूला फुफ्फुसाबाहेर हवा साठली होती. छातीत नळी घातली. संध्याकाळपर्यंत त्यांचा श्वास सुरळीत झाला.

सर सोनईहून स्कूटरवर आले. केसांवर, भुवयांवर धूळ. पहिला प्रश्न मला, "सांगितलंस?"

"हो."

"लगेच?"

"नाही. थोड्या वेळानं."

त्यांनी मान हलवली. मग मावशींच्या यजमानांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, सुई आमची होती, चूक आमची आहे. माझ्याकडे बोट केलं नाही. "आमची" हा शब्द त्यांनी इतक्या सहज वापरला की मला तो तेव्हा ऐकूही आला नाही. घरी गेल्यावर ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचा फोन. बातमी सोनईला पोचली होती. त्यांनी सरांना अनुभवी माणसाचा सल्ला दिला की लेखी काही देऊ नका, बाई आधीपासून हृदयाची पेशंट होती म्हणा, मुलगा वकील आहे, बाकी आम्ही बघतो. सरांनी त्यांचे आभार मानले, फोन ठेवला आणि दोन फुलस्केप पानं लिहून काढली. सुईची लांबी, टोचल्याची जागा, कार्डावरची सूचना, ती पाळली गेली नाही हे, यादी म्हटली गेली नाही हे, आणि शेवटी, "या मुलीला एकटीला दवाखाना सांभाळायला देण्याचा निर्णय माझा होता." ती पानं त्यांनी वकील मुलाच्या हातात दिली.

मुलानं दवाखान्याच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या ती दोनदा वाचली. तो भांडायला आला होता. तशी तयारी करूनच आला होता. म्हणाला, "सर, समोरच्या पक्षानं असं लिहून दिलेलं मी आजवर बघितलं नाही. आता मी करायचं काय?"

सर म्हणाले, "ते तुम्ही ठरवा. फक्त कागद मिळाल्याची सही द्या."

त्यानं सही दिली. ती देताना तो थोडा गोंधळलेला होता आणि पेन सरांचंच घेऊन गेला.

निकाल लागला तो मात्र मावशींच्या खाटेवर. केस करायची का, असं मुलानं विचारलं तेव्हा त्या नळी सांभाळत म्हणाल्या, "केस-बिस राहू दे. इन्स्पेक्शन तोंडावर आलंय, साठ पट्ट्या शिवायच्या राहिल्यात. त्या कोण शिवणार?" हे त्या कपाळाला हात लावून, आपल्याशीच बोलल्यासारखं बोलल्या. दुसरा कुणी असता तर त्यानं धीर देऊन विषय संपवला असता. सरांनी विचारलं, "दोरा कुठला लागतो?"

पुढचे पंधरा दिवस दुपारी दवाखाना बंद ठेवून आम्ही दोघं मावशींच्या घरी जाऊन पट्ट्या शिवत होतो. जिल्ह्यात सुईवरचा जाणकार म्हणून ज्यांना लोक ओळखत, त्या सरांना सुईत दोरा ओवता येत नव्हता. मावशींचे यजमान ओवून देत. सरांची पहिली पट्टी अशी तिरकी गेली की ते नाव वाचायला जवानालाच मान वाकडी करावी लागली असती. मावशी घरी आल्यावर खाटेवरून नुसती नजर टाकत आणि म्हणत, "उसवा." सर उसवत. पुन्हा शिवत. "उसवा." गल्लीतल्या बायका काहीबाही निमित्त काढून हा सोहळा बघायला येऊ लागल्या. सरांच्या ते गावीही नव्हतं. ते पट्टीवरची अक्षरं डोळ्यांशी धरून टाके मोजत असत.

चौथ्या की पाचव्या दिवशी मी मशीनवर बसले. थोड्या वेळानं माझीच पाठ डाव्या पात्याच्या आत धरली. मी हात मागे नेऊन ती चोळली. सरांनी हातातली पट्टी खाली ठेवली. मला उठवलं, स्वतः मशीनवर बसले, उठले, वाकून टेबलाखाली पाहिलं, पुन्हा बसले. टेबल खुर्चीच्या मानानं पुष्कळ खाली होतं. उजेडाची खिडकी डाव्या हाताला मागे होती, त्यामुळे कापड बघायला दर टाक्याला डावा खांदा वळायचा. तीस वर्षं तो तसाच वळत होता. सर अंगणात गेले, विटा घेऊन आले, मशीनच्या पायांखाली एकेक घातली आणि मशीन खिडकीसमोर वळवलं. मला परत बसायला सांगितलं. धरलेली पाठ हळूहळू सुटली.

मावशी खाटेवरून हे सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "दोन महिने तुम्ही मला कुठं दुखतं ते विचारलंत डॉक्टर. मी बसती कुठं ते कुणी न्हाई विचारलं."

एक वीट जरा हलत होती, सर तिच्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा सारून ती पक्की करत बसले. त्या कामाला जेवढा वेळ लागायला हवा, त्याहून जास्त वेळ ते खाली वाकून होते.

त्यानंतर त्यांच्या विक्षिप्तपणाला नवं क्षेत्र मिळालं. मान धरलेला न्हावी आला तर सर त्याच्या दुकानात जाऊन बसत आणि गिऱ्हाइकापेक्षा न्हाव्याकडे टक लावून बघत. ट्रॅक्टरवाल्याबरोबर ते ट्रॅक्टरवर बसून नांगरटीला गेले आणि परत आले तेव्हा त्यांनाच कमरेचा पट्टा बांधावा लागला. बँकेतल्या एका कारकुनाची खुर्ची त्यांनी कामाच्या वेळेत उलटी करून तपासली, तेव्हा शिपायानं त्यांना बाहेर काढलं. दवाखान्यात पेशंट विचारत, डॉक्टर कुठं गेले. मी सांगायची, खुर्ची बघायला.

आणि त्यांनी दारात पाटी लावली. मोठ्या अक्षरात : "या दवाखान्यात उपचार करताना आमच्या चुकीमुळे एका बाईंच्या फुफ्फुसाच्या आवरणाला सुई लागली. त्या आता बऱ्या आहेत." मी विनवण्या केल्या. सरांच्या पत्नींनीही करून बघितल्या. पाटी राहिली. पहिल्या आठवड्यात निम्मे पेशंट जिन्यातूनच परत गेले. मग कुणीतरी पाटीचा फोटो मोबाईलवर फिरवला, आणि तो गावोगाव फिरता फिरता त्यातली चूक गळून पडली. उरलं ते एवढंच की भिंगारला एक डॉक्टर आहे, त्याची सुई थेट फुफ्फुसापर्यंत पोचते. पंधरवड्यात दम्याची माणसं यायला लागली. पाथर्डीकडून एक कुटुंब गाडी करून आलं आणि आजोबांना पुढे करून म्हणालं, "आमाला ती फुप्फुसाची सुई द्या. लई लांबून आलोय." सर त्यांना तासभर समजावत होते की ती चूक होती. ते कुटुंब एकमेकांकडे बघून हसत होतं. मोठी माणसं असंच बोलतात हे त्यांना ठाऊक होतं. शेवटी सरांनी पाटी स्वतःच्या हातानं उतरवली. खरं सांगून लोक पळतात याची त्यांना सवय होती. खरं सांगून लोक जमतात हे त्यांना सहन झालं नाही.

या सगळ्या काळात मी एकही सुई टोचली नव्हती. मी शेक द्यायची, व्यायाम शिकवायची, वह्या नीट लावायची. सुईचं पाकीट फोडायला घेतलं की ते तसंच परत ठेवून द्यायची. सुईचा पेशंट आला की सर नुसते उठून आत जात. मी नोकरी सोडायचं ठरवलं होतं. नेवाशाला घरी परत जाऊन दुसरं काहीतरी शिकावं, असं आईशी फोनवर बोलणंही झालं होतं.

एका सकाळी मावशी आल्या. पाठीची तक्रार नव्हती, पाठ विटांनी बरी केली होती. आता कात्री धरून धरून उजव्या हाताचा अंगठा आणि मनगटाच्या वरचा भाग आखडला होता. सरांनी हात दाबून बघितला, गाठ सापडली, म्हणाले चला, टोचतो. मावशी टेबलावर बसल्या. आणि बसल्या बसल्या त्यांनी तो हात सरांपुढून काढून माझ्याकडे केला.

"हिला टोचू द्या," म्हणाल्या.

मी म्हटलं, मावशी, नको. सर म्हणाले, हिला अजून जमणार नाही. खरं तेच बोलले. मावशींनी हात खाली घेतला नाही. म्हणाल्या, "तुमी साठ पट्ट्या उसवल्यात डॉक्टर. म्हणून जमल्या."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग मावशींच्या हाताकडे. सुईचं पाकीट माझ्या पुढ्यात ठेवलं, सगळ्यांत आखूड सुईचं, आणि बाहेर जाऊन पडदा ओढून घेतला.

मी यादी म्हटली. सगळी, सावकाश. मावशींनी कंटाळा न करता ऐकली. मग त्यांचा हात उशीवर घेतला, गाठ अंगठ्याखाली धरली, सोडली, पुन्हा धरली. मावशी खिडकीबाहेर बघायला लागल्या. पडद्याखालून सरांचे काळे बूट दिसत होते. ते पडद्यापासून दूर गेलेच नव्हते. बुटांची टोकं आमच्याकडे होती आणि ती जराही हलत नव्हती.

मी सुई घातली. क्षणभर काही झालं नाही. मग बोटाखाली स्नायू फडकला, एकदाच, आणि सुटला. मावशींनी नुसतं "हं" केलं. मी सुई काढली, कापूस दाबून धरला आणि त्यांना श्वास कसा चाललाय ते विचारलं. हाताला टोचून श्वासाचं विचारते म्हणून त्या हसल्या.

पडद्याखालचे बूट वळले. बाहेर बाकावर कुणीतरी नवीन माणूस येऊन बसला होता, त्यानं डॉक्टर आहेत का विचारलेलं मला ऐकू आलं.

"आहेत," सर म्हणाले. "मॅडम आत आहेत. त्यांचं झालं की जा."